जळालेल्या तारेचा पाऊण हिस्सा

वणव्यातून गेलेली काटेरी तार लांबून धड दिसते. खांबांचा कोळसा झालेला असतो, तार मात्र लोंबकळत का होईना, जागेवर असते. नवख्याला वाटेल, खांब बदलले की कुंपण उभे राहील. जाणता माणूस तारेला हात लावतो आणि सांगतो की हिचे काम संपले. धगीने वरचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो, पोलादाचे पाणी उतरलेले असते. ताणायला गेले की ती तुटते, आणि नाही तुटली तरी थोड्याच वर्षांत गंजून गळून पडते. मार्च 2017 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या क्लार्क काउंटीत अशी तार मैलोन्‌मैल पडली होती. नवे पाचपदरी कुंपण घालायचे तर मैलाला दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च, असा हिशेब तेव्हा तिथे सगळ्यांच्या तोंडी होता. आणि तिथल्या एकेका पशुपालकाचे कुंपण दहा-वीस मैलांचे असते.

हा खर्च कोणी उचलायचा? शेतकऱ्याने, शेजाऱ्यांनी की सरकारने? आणि सरकारने उचलला तर किती, कोणत्या अटीवर, कोणाच्या सहीने? अमेरिकेतली आपत्ती-मदत समजून घ्यायची तर मला ही जळकी तार सगळ्यात सोयीची वाटते, कारण ती धरून गेले की त्या व्यवस्थेची बहुतेक दारे एकामागून एक उघडतात.

आधी ही काउंटी पाहू. क्लार्क काउंटी कॅन्ससच्या दक्षिण कडेला, ओक्लाहोमाच्या सीमेवर आहे. क्षेत्रफळ सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याहून जास्त. लोकसंख्या मात्र दोन हजारांच्या आसपास, म्हणजे एका मध्यम गावाएवढी. ॲशलँड हे मुख्य ठिकाण. सपाटीवर गहू पिकतो, तांबड्या मातीच्या टेकड्यांवर गवत वाढते, आणि त्या गवतावर गुरे जगतात. दूध काढण्याचा व्यवसाय इथला नव्हे. इथे गाय पाळायची ती तिच्या वासरासाठी, आणि वासरू वाढवून विकायचे. त्यामुळे कळप हीच ठेव आणि कुरण हेच तिचे व्याज.

6 मार्च 2017 रोजी दक्षिणेला ओक्लाहोमात आग लागली. हिवाळ्यात वाळून पिवळे झालेले गवत गुडघाभर उभे होते आणि वारा ताशी साठ मैलांच्या झोताने वाहत होता. काही तासांत आग सीमा ओलांडून क्लार्क काउंटीत शिरली. ॲशलँड आणि एंगलवूड ही गावे रिकामी करावी लागली. संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलली, आणि इतका वेळ जी आगीची लांबलचक कूस होती तेच तिचे तोंड झाले. वणव्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे वाक्य किती भयंकर आहे ते सांगायला नको. काउंटीच्या सुमारे सव्वासहा लाख एकरांपैकी साडेचार लाखांच्या आसपास एकर जळून गेले. धुरात सापडून एक ट्रकचालक मेला. घरे गेली, गोठे गेले, साठवलेली वैरण गेली. हजारो गुरे मेली.

जी जागेवर मेली त्यांचे एका अर्थी बरे झाले. खूर भाजून निघालेली, कासेची कातडी गेलेली, डोळे गेलेली जनावरे उभीच होती. पशुवैद्य पाहून सांगत की ही वाचणार नाही, आणि मग मालकालाच बंदूक हातात घ्यावी लागे. ती गाय त्याच्या रानात जन्मलेली असायची, तिची आईही त्याच्याच कळपातली. अनेकांनी हे काम दिवसचे दिवस केले.

आणि हे करतानाच मोजायचेही होते.

मेलेल्या जनावरांसाठी तिथे एक कायमस्वरूपी योजना आहे. 2008 च्या शेती कायद्याने ती आणली आणि 2014 च्या कायद्याने कायम केली. नेहमीच्या प्रमाणाबाहेर आपत्तीत जेवढी गुरे मेली, त्यांच्या बाजारभावाच्या 75 टक्के रक्कम सरकार देते. पण त्यासाठी नुकसान लक्षात आल्यापासून तीस दिवसांच्या आत कार्यालयात कळवावे लागे आणि पुरावा द्यावा लागे: छायाचित्रे, पशुवैद्याचा दाखला, आधीच्या खरेदी-विक्रीचे कागद, त्रयस्थाची साक्ष. आपल्याकडे तलाठी पंचनाम्याला येतो. तिथे पंचनाम्याचा अर्धा भार खुद्द नुकसान झालेल्या माणसावर असतो. खड्डा खणून पुरण्याआधी प्रत्येक जनावराचा फोटो काढायचा. ज्याचे घरही जळाले त्याचे जुने कागद घराबरोबरच गेलेले असायचे.

त्या वेळी या मदतीला एक मर्यादाही होती: एका माणसामागे वर्षाला जास्तीत जास्त 1,25,000 डॉलर. गाईची किंमत हजार ते दीड हजार डॉलर धरली आणि तिच्या 75 टक्क्यांचा हिशेब केला, तर साधारण एकशेदहा ते एकशेपासष्ट गाईंतच ही मर्यादा संपते. ज्याच्या तीनशे गाई गेल्या त्याच्या उरलेल्या गाई सरकारच्या लेखी मेल्याच नाहीत. भाजलेले जनावर मरण्याआधी पडत्या किमतीत विकून टाकले तर तेही हिशेबात धरले जात नसे, कारण नियमात फक्त मृत्यू होता. मर्यादा ठेवण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. सरकारी पैसा मोठ्या धनदांडग्यांच्या खिशात जाऊ नये, हा आग्रह अमेरिकेत जुना आहे आणि रास्तही आहे. पण ज्या भागात एका कुटुंबाच्या पोटाला काही हजार एकर गवत लागते, तिथे गाईंच्या आकड्यावरून श्रीमंती मोजता येत नाही. अखेर फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकी संसदेने अर्थसंकल्पाच्या कायद्यात ही मर्यादा उठवली, ती 2017 पासून मागील तारखेने लागू केली, आणि जखमी होऊन कमी भावात विकलेल्या जनावरांनाही मदतीत आणले. म्हणजे नियम बदलला, पण वणव्यानंतर अकरा महिन्यांनी. मधल्या काळात बँकेचे हप्ते थांबलेले नव्हते.

आता कुंपणाकडे येऊ. कुंपण नसेल तर वाचलेली गुरे ठेवायची कुठे? शेजाऱ्याच्या गव्हात शिरतील, रस्त्यावर येतील. म्हणून गुरांइतकेच कुंपण तातडीचे. त्यासाठीची योजना 1978 च्या कायद्यातली आहे. तिच्या नावातच दोन गोष्टी जोडलेल्या आहेत: आणीबाणी आणि संधारण. पुराने शेतात वाळूचे थर आले, वादळाने झाडे आडवी झाली, बांध फुटले, कुंपण जळाले, तर जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चातला 75 टक्क्यांपर्यंत वाटा सरकार उचलते. अगदी तुटपुंज्या साधनांच्या शेतकऱ्यासाठी हा वाटा 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे अतिवृष्टीची मदत हेक्टरी ठरलेल्या दराने खात्यात येते आणि तिचे काय करायचे ते शेतकरी ठरवतो. इथे पैसा पिकाच्या नुकसानीचा नसतो, दुरुस्तीच्या कामाचा असतो. काम करा, पावत्या दाखवा, कुंपण ठरलेल्या मापाचे आहे हे तपासू द्या, मग पाऊण हिस्सा मिळेल.

ऐकायला हे चोख वाटते, आणि बऱ्याच अंशी आहेही. सरकारच्या पैशातून खरोखर कुंपण उभे राहते, बांध खरोखर बांधला जातो. पण अडचण त्याच चोखपणात आहे. पैसा नंतर मिळणार, म्हणजे आधी खिशातून घालायचा. ज्याचा कळप नुकताच मेला आहे त्याच्याजवळ दहा मैल कुंपणाचे लाख डॉलर रोख असतील कुठून? शिवाय मंजुरीआधी काम सुरू केले तर तो खर्च बाद होण्याची भीती असते. गुरे मोकाट, आणि माणूस मंजुरीच्या कागदाची वाट पाहत बसलेला, अशी परिस्थिती त्यातून उभी राहते. या योजनेला दर वर्षी ठरलेला निधीही नसतो. मोठी आपत्ती आली की संसद वेगळी तरतूद करते, आणि ती होईपर्यंत अर्ज रांगेत. 2018 च्या शेती कायद्याने इथेही दुरुस्ती केली. कुंपणाच्या खर्चातला काही भाग आगाऊ देण्याची सोय झाली आणि एका माणसामागची कमाल रक्कम दोन लाखांवरून पाच लाख डॉलरवर गेली.

मग उरलेला पाव हिस्सा? तो क्लार्क काउंटीत ट्रकमधून आला. वणव्यानंतरच्या काही दिवसांतच मिशिगन, ओहायो अशा दूरच्या राज्यांतून गवताच्या गोल भाऱ्यांनी लादलेल्या ट्रकांच्या रांगा ॲशलँडच्या वाटेला लागल्या. कोणी तारेची भेंडोळी आणली, कोणी लोखंडी खांब, कोणी दुधाची पावडर, कारण आई मेलेल्या वासरांना बाटलीने पाजायचे होते. ती वासरे शाळकरी मुलांनी आपापल्या घरी नेऊन सांभाळली. अनोळखी माणसे येऊन आठवडाभर जळक्या तारा गुंडाळून गेली. सरकारी मदतीचा हिशेब मांडताना हे सगळे ‘इतर’ या रकान्यात टाकण्याची सवय असते. मला ते पटत नाही. पाऊण हिस्स्याची योजना आखणाऱ्याने उरलेला पाव हिस्सा कोणीतरी भरेल हे गृहीत धरलेले असते. जिथे तो भरणारे कोणी नसते तिथे पाऊण हिस्साही हाती येत नाही, कारण अर्धवट कुंपणाला अनुदान मिळत नाही. ज्याच्यापाठी कोणी नाही अशा माणसाला ही योजना कागदावरच राहते, आणि माझ्या मते तिच्यातले हे सगळ्यात मोठे भगदाड आहे.

नुकसान खरे किती, कुंपण जुने होते की नवे, कोणाचे काम आधी घ्यायचे, हे ठरवतो कोण? इथे अमेरिकेची व्यवस्था आपल्यापेक्षा खूप वेगळी आहे. प्रत्येक भागात शेतकऱ्यांनी मतदान करून निवडलेली एक काउंटी समिती असते. तीन ते अकरा सदस्य, मुदत तीन वर्षांची, आणि सदस्य स्वतः तिथेच शेती करणारे. केंद्र सरकारच्या शेती खात्याचे ते कार्यालय चालवणारा प्रमुखही ही समितीच नेमते. आपत्तीच्या योजनांत जागेवर पाहणी झाल्यावर मंजुरीचा शब्द समितीचा. या समित्या 1930 च्या दशकात जन्मल्या. तेव्हाच्या मंदीत सरकारला लाखो शेतकऱ्यांशी करार करायचे होते, आणि वॉशिंग्टनमध्ये बसून कोणाच्या शेतात काय पिकते हे कळणे शक्य नव्हते.

याचा फायदा उघड आहे. ज्या माणसाने आयुष्यभर त्याच टेकड्यांवर गुरे चारली त्याला कोणी फसवू शकत नाही, आणि त्याला समजावूनही सांगावे लागत नाही. पण गावातली माणसे निर्णय घेतात तेव्हा गावातले रागलोभ, भाऊबंदकी आणि जातही त्यांच्याबरोबर खुर्चीवर बसते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. अमेरिकेत तिथे वर्ण बसला. दक्षिणेकडच्या राज्यांत या समित्यांवर पिढ्यान्‌पिढ्या फक्त गोरे जमीनमालक होते. काळ्या शेतकऱ्याचा अर्ज उशिरा निघे, कमी रकमेचा निघे किंवा निघतच नसे, आणि पेरणीचा हंगाम टळला की कर्जमंजुरीला काही अर्थ उरत नसे. नागरी हक्क आयोगाने 1965 मध्येच हे अहवालात मांडले होते. तरी न्यायालयात शेती खात्याला तडजोड करावी लागली ती 1999 मध्ये, पिगफर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात. तोवर हजारो काळ्या कुटुंबांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या. स्थानिक समितीचे गुण गाताना मला हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. पाहणी करणारा माणूस जमिनीच्या जितका जवळचा तितका तो अचूक असतो, पण न्याय त्याच्यावर सोडून देता येत नाही. त्याच्या निर्णयावर अपील करता येईल अशी जागा त्याच्या वर हवीच.

आतापर्यंत आपण नुकसान भरून काढण्याबद्दल बोललो. पण क्लार्क काउंटीत जे जळले त्यातले काही गवत सरकारच्याच पैशाने लावलेले होते, आणि ही गोष्ट 1930 च्या दशकापर्यंत मागे जाते.

क्लार्कच्या उत्तरेला डॉज सिटी हे शहर आहे. 14 एप्रिल 1935 च्या रविवारी दुपारी तिथे दिवसाढवळ्या अंधार पडला. मैदानांवरची मोडलेली माती काळ्या भिंतीसारखी उठून आली होती. गव्हाचा भाव चढा असताना नांगरलेले गवताळ रान, मग पडलेला भाव, मग वर्षानुवर्षे अवर्षण, अशी ती मोकळी माती वाऱ्याच्या हाती लागली होती. ह्यू हॅमंड बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ त्या वसंतात वॉशिंग्टनमध्ये जमिनीच्या धुपीविरुद्ध कायदा मागत होता, आणि तिकडच्या धुळीचे लोट राजधानीच्या आकाशापर्यंत पोचले. 27 एप्रिल 1935 रोजी मृदा संधारणाचा कायदा झाला.

पण शेतकऱ्याला जमीन जपण्याचे पैसे द्यायची कल्पना रुजली ती पुढच्या वर्षी, एका न्यायालयीन धक्क्यामुळे. पीक कमी घ्या आणि त्याबद्दल पैसे घ्या, ही रूझवेल्ट सरकारची 1933 ची योजना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1936 मध्ये घटनाबाह्य ठरवली. शेतकऱ्यांपर्यंत मदत तर पोचवायचीच होती. तेव्हा संसदेने अवघ्या काही आठवड्यांत नवा कायदा केला: पीक घटवण्याचे नव्हे, जमिनीचा कस राखणारी पिके आणि गवत घेण्याचे पैसे. हेतू बराचसा भाव सावरण्याचाच होता, वाट मात्र मातीतून काढली. पळवाट म्हणून आलेली ही तरतूद पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिली.

तिचे आजचे मोठे रूप डिसेंबर 1985 च्या कायद्यातले आहे. धुपणारी जमीन नांगराखालून काढा, तिच्यात गवत किंवा झाडे लावा, आणि दहा ते पंधरा वर्षे तशीच ठेवा. सरकार दर वर्षी तिचा खंड देईल. खंडाने जमीन घेणारा कसण्यासाठी घेतो. इथे सरकार ती न कसण्यासाठी घेते. 2007 मध्ये देशभरात अशी 3 कोटी 60 लाख एकरांहून जास्त जमीन होती. मग धान्याचे भाव चढले, करार संपताच अनेकांनी पुन्हा नांगर घातला, आणि 2014 च्या कायद्याने कमाल मर्यादाच 2 कोटी 40 लाख एकरांवर आणली. एका काउंटीतल्या पिकाखालच्या जमिनीपैकी साधारणपणे पाव हिश्श्याहून जास्त जमीन या योजनेत घेता येत नाही. ही अट निसर्गासाठी नाही. सगळ्यांनीच जमीन पड ठेवून खंड खाल्ला तर गावातले बियाण्याचे दुकान, यंत्र दुरुस्त करणारा आणि धान्याचे गोदाम बंद पडेल, म्हणून ती आहे. ज्याने हे कलम लिहिले त्याने छोट्या गावाची बाजारपेठ जवळून पाहिलेली असावी, असे मला नेहमी वाटते.

या गवतात गुरे सोडायला एरवी बंदी किंवा कडक बंधने असतात, विशेषतः पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात. मैदानी कोंबडा हा इथला दुर्मीळ पक्षी, त्याची घरटी उघड्या गवतातच असतात. 2017 च्या वणव्यानंतर मात्र एप्रिलमध्ये शेती खात्याने आगीतून वाचलेल्या राखीव गवतात आणीबाणीची चराई खुली केली, विणीच्या काळातही. जे गवत माती धरून ठेवण्यासाठी 1930 च्या धड्यातून लावले होते ते 2017 च्या भुकेल्या गुरांच्या तोंडी पडले. जळालेल्या खासगी कुरणाबद्दल मदत देणारी दुसरी योजना होती, पण तिला तेव्हा साऱ्या देशासाठी मिळून वर्षाला दोन कोटी डॉलरचीच मर्यादा होती. तीही फेब्रुवारी 2018 च्या त्याच अर्थसंकल्पाच्या कायद्याने उठली. अशा वेळी दहा वर्षे न चारलेले गवत ही जणू काउंटीची सामायिक वैरण ठरली.

आणि आता त्या टेकड्यांवरच्या सीडरकडे. हे सदाहरित झाड मूळचे तिथलेच, पण पूर्वी ते ओढ्याकाठी आणि कड्यांच्या आडोशाला दबून असे, कारण गवताळ रानात दर काही वर्षांनी आग फिरायची आणि रोपे मरायची. वसाहती झाल्या, आग विझवणे हे पुण्य ठरले, आणि सीडर टेकड्या चढू लागला. तो गवताचे पाणी पितो. मैदानी कोंबडा उंच झाडाजवळ घरटे करत नाही, कारण झाडावर ससाणा बसतो. आणि त्याच्या तेलकट पाल्याने पेट घेतला की ठिणग्या पुढच्या टेकडीवर उडतात. शेजारच्या कोमांची आणि तिच्या पलीकडच्या बार्बर काउंटीत 2016 च्या मार्चमध्येच मोठा वणवा झाला होता, ओक्लाहोमातला भाग धरून साडेतीन लाखांहून जास्त एकर त्यात जळाले होते, आणि सीडरने भरलेल्या घळी त्यात कशा भडकल्या हे लोकांनी पाहिले होते.

म्हणून आज त्याच शेती खात्याची संधारण शाखा सीडर तोडायला खर्चात वाटा देते. चराईची पाळी लावायला, पाण्याच्या टाक्या आणि आतली कुंपणे घालायला देते. आणि ठरवून आग लावायलाही देते. त्यासाठी आधी लेखी आराखडा लागतो. रानाभोवती जाळरेषा काढून ठेवायची, शेजाऱ्यांना आणि शेरिफच्या कार्यालयाला कळवायचे, पाण्याच्या टाक्या लादलेल्या गाड्या कोपऱ्यांवर उभ्या करायच्या. हवेतला ओलावा मोजायचा. वारा ताशी पाच मैलांहून कमी नको, कारण मग तो दिशा बदलत राहतो. पंधराहून जास्त तर नकोच. वसंतात असा दिवस उजाडला की आजूबाजूचे पशुपालक आपापली कामे टाकून एकाच्या रानावर जमतात. त्यांतल्या अनेकांच्या डोळ्यांसमोरून 2017 ची संध्याकाळ अजून गेलेली नसते. ते वाऱ्याच्या खालच्या बाजूने, नव्या तारेच्या कुंपणालगतची पट्टी आधी जाळून घेतात, ती पुरती विझेपर्यंत उभे राहतात, आणि मगच वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उरलेल्या गवताला आग लावतात.